एका यात्रेचे परतीचे दिवस

यात्रेला निघालेल्या माणसांच्या हकिकती आपण पुष्कळ ऐकतो. परतणाऱ्यांच्या हकिकती मात्र फारशा कोणी सांगत नाही. निघताना घरात केवढी गडबड असते! दशम्या, लाडू, वळकट्या, निरोपाला आलेली माणसे. परतताना पैसे संपत आलेले, पाय सुजलेले आणि बरोबरच्या मंडळींची तोंडे पाहून पाहून कंटाळा आलेला असतो. आमच्या सासूबाई म्हणत, माणसाची पारख जातानाच्या गाडीत होत नाही, येतानाच्या गाडीत होते. म्हणून चिटणीसबाईंनी ‘यंदा स्मरणिकेसाठी काही इतिहासातले लिहा’ असे सांगितले, तेव्हा जिजाबाई आणि अहिल्याबाई यांवर इतर भगिनी लिहितीलच असे मनात आणून मी एका परक्या देशातल्या यात्रेकरूंचे परतीचे दिवस निवडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तके कन्येने वाचून अर्थ सांगायचा आणि मी तांदूळ निवडता निवडता ऐकायचे, अशा रीतीने ही हकिकत माझ्यापर्यंत आली. जे पटले नाही तेथे मी तिला पुनः पुनः वाचायला लावले.

सन १८६७. अमेरिकेतले आपसातले मोठे यादवी युद्ध संपून दोन वर्षे झाली होती. न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिन येथे प्लिमथ चर्च म्हणून एक नामांकित मंडळी होती. हेन्री वॉर्ड बीचर हे तेथले धर्मोपदेशक, आणि त्यांचे प्रवचन ऐकायला दूरदूरून लोक येत. या मंडळीतल्या लोकांच्या मनात आले की, सर्वांनी मिळून एक आगबोट ठरवावी आणि युरोप पाहून पुढे पवित्र भूमीचे, म्हणजे येशू ख्रिस्त जेथे जन्मले आणि वावरले त्या यरुशलेम, बेथलेहेम, गालील या भागाचे दर्शन घ्यावे. बोटीचे नाव ‘क्वेकर सिटी’. दोन्ही बाजूंना मोठी चाके असलेली ही बोट युद्धात आरमाराकडे होती. भाडे माणशी १२५० डॉलर. त्या काळी ही रक्कम थोडकी नव्हे, त्यामुळे सुखवस्तू माणसेच आली. कप्तान डंकन हे स्वतः त्याच चर्चचे. खुद्द बीचरसाहेब आणि युद्धात गाजलेले जनरल शेर्मन येणार म्हणून आधी गाजावाजा झाला होता, पण दोघेही आले नाहीत. (मुख्य पाहुणे ऐनवेळी न येण्याचा अनुभव आपल्या मंडळालाही नवा नाही!) तरी सुमारे पासष्ट-सत्तर उतारू मिळाले आणि जूनमध्ये बोट निघाली. अमेरिकेतून अशी ठरवून काढलेली ही पहिलीच मोठी सहल असे मानतात.

उतारूंमध्ये एक एकतीस वर्षांचा वार्ताहर होता. त्याचे भाडे कॅलिफोर्नियातल्या ‘अल्टा’ नावाच्या वृत्तपत्राने भरले होते, आणि त्याने वाटेतून पत्रे लिहून धाडायची असा करार होता. तो पुढे मार्क ट्वेन या नावाने जगप्रसिद्ध झाला. या यात्रेवर त्याने १८६९ साली जे पुस्तक काढले, त्यामुळेच आज आपल्याला ही यात्रा ठाऊक आहे. मात्र गृहस्थाचा स्वभाव टवाळखोर. बोटीवर रोज संध्याकाळी प्रार्थना होई, ती आटोपली की वयस्क मंडळी सोंगट्यांसारखा डॉमिनोचा खेळ घेऊन बसत. त्याला हे जिवंत माणसांचे प्रवासी मंडळ वाटेचना. त्याने आपल्या मनाशी दोन तट पाडले, एक भाविकांचा आणि एक पाप्यांचा, आणि स्वतःला पाप्यांत घातले.

त्याची सगळीच टवाळी वावगी होती असे मात्र म्हणवत नाही. सप्टेंबरात बोट बैरुत येथे लागली आणि तेथून आठ जणांची एक टोळी घोड्यांवरून निघाली. रविवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी वाट चालायची नाही, म्हणून टोळीतल्या तिघा भाविकांनी तीन दिवसांची मजल दोन दिवसांत मारायला लावली. बरोबरच्यांनी परोपरीने सांगून पाहिले, पण व्यर्थ. देवाचा दिवस पाळला गेला आणि मुक्या जनावरांचे हाल झाले. आपल्याकडे एकादशी करून सुनेला उपाशी राबवणारी माणसे मी पाहिली आहेत, तेव्हा हे काही केवळ त्यांच्याच धर्मातले म्हणता येणार नाही. पुढे गालीलच्या सरोवरात नावेतून फिरावे अशी या मंडळींची जन्माची इच्छा होती. नाववाल्याने दोन नेपोलियन, म्हणजे आठ डॉलर मागितले. यांनी घासाघीस करून एकच देऊ केला. नाववाला नाव वळवून जो निघून गेला तो मागे पाहीचना. मग किनाऱ्यावरून दोन काय, वाटेल ते देतो म्हणून हाका मारल्या तरी उपयोग झाला नाही. ज्या पाण्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून आले, त्या पाण्यावर चार डॉलरांसाठी जाता आले नाही.

यरुशलेम झाले, यार्देन नदी झाली, मृत समुद्र झाला, बेथलेहेम झाले. सप्टेंबरच्या अखेरीस सगळे उतारू याफा बंदरावर पुन्हा एकत्र जमले. येथून यात्रेचा परतीचा भाग सुरू होतो आणि मला सांगायचे आहे ते हेच.

याफ्यास बोटीवर आणखी चाळीसेक माणसे चढली. त्यांत बायका-मुलेही होती. हीसुद्धा अमेरिकनच, पण १२५० डॉलर भरणारी नव्हत. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. थंडीचा मुलूख, समुद्रकाठी मासेमारी आणि बेताची शेती करणारी माणसे. तेथे जॉर्ज अॅडम्स नावाचा एक उपदेशक आला. हा आधी नट होता, मग मॉर्मन पंथात होता, पुढे त्याने स्वतःचाच पंथ काढला. वाणी मोठी रसाळ. त्याने सांगितले, प्रभूचे पुनरागमन जवळ आले आहे, पवित्र भूमीत जाऊन वसाहत करा, जमीन कसा, भरभराट होईल. भोळ्या लोकांनी घरेदारे विकली. ११ ऑगस्ट १८६६ रोजी जोन्सपोर्ट गावाहून ‘नेली चेपिन’ नावाच्या शिडाच्या जहाजातून दीडशेहून अधिक माणसे निघाली. जहाजात त्यांनी नवी लाकडी घरेच्या घरे सुटी करून भरली होती, की तिकडे गेल्यावर फळ्या जोडायच्या आणि राहायला लागायचे.

२२ सप्टेंबरला ती याफ्यास उतरली आणि सुरुवातीला वाळूतच तंबू ठोकून राहिली. हवा मानवेना, आजार सुरू झाले, आणि पहिल्या काही आठवड्यांतच कित्येक जण दगावले. त्यांत मुलेच अधिक. भगिनींनो, हे वाचताना माझ्या हातातले काम थांबले. थंडीत वाढलेली तान्ही पोरे, अंगावर तिकडचेच लोकरी कपडे, आणि आई फळ्यांच्या ढिगाशेजारी बसलेली. कोणत्या पुस्तकात त्या आयांची नावे मला सापडली नाहीत. पुढे घरे उभी राहिली, पण शेती साधेना. मेनमधला नांगर आणि मेनमधली रीत याफ्याच्या जमिनीत कशी चालावी? उपदेशक दारूच्या आहारी गेला. पैसे त्याच्या हवाली केलेले, ते कोठे गेले याचा हिशेब कोणाला मिळाला नाही. एक वर्ष उलटले तोवर वसाहत मोडली होती. काही जण आधीच कसेबसे परतले, काही तेथेच राहिले, आणि हे चाळीस ‘क्वेकर सिटी’वर चढले.

म्हणजे एकाच बोटीवर दोन यात्रा झाल्या. एका यात्रेच्या पेट्यांत यार्देनचे पाणी, यरुशलेमची माती, जैतुनाच्या लाकडाच्या वस्तू. आपल्याकडे काशीहून गंगेची गडवी आणतात तसेच. दुसऱ्या यात्रेजवळ काय होते? मुले पुरून आलेली रिकामी ओंजळ.

समुद्र खवळलेला होता. ते चाळीस लोक डेकवर आडवे पडून राहिले, ओकाऱ्यांनी हैराण. उतारूंनी त्यांच्याकडून हकिकत काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण लाज आणि दुःख यांमुळे ते फारसे बोलेनात. फसला गेलेला माणूस बोलत नाही. शेजारी चार सुखवस्तू लोक कुतूहलाने पाहत उभे असले म्हणजे तर नाहीच. येथे मला त्या चौकशी करणाऱ्यांचा राग येतो. आधी पेजेची वाटी द्यावी, मग विचारावे.

ऑक्टोबरच्या आरंभी बोट अलेक्झांड्रिया, म्हणजे मिसर देशाच्या बंदराला लागली. चाळीस जणांना तेथे उतरवले. आता पुढे काय? मायदेशच्या सरकारला अशा धर्मवेड्या माणसांना घरी आणण्यासाठी आणखी पैसा खर्च करण्याची हौस उरली नव्हती. यात्रेकरू मात्र कैरोला गेले. पिरॅमिड पाहिले, अरब लोक वर ओढून नेतात आणि बक्षिसी मागतात. तेथे जो सिंहाच्या धडाचा आणि माणसाच्या तोंडाचा प्रचंड पुतळा आहे, त्या स्फिंक्सच्या चेहऱ्यावर यांच्यातलाच एक भाविक चढला आणि आठवण म्हणून कपची काढण्यासाठी हातोडा मारू लागला. हे या मंडळींचे व्यसनच होते. जेथे जात तेथून दगडाचा, लाकडाचा तुकडा तोडून घेत. या गुन्ह्याला कैद किंवा फटक्यांची शिक्षा आहे असे कानावर घातल्यावर तो खाली उतरला.

त्याच वेळी उतारूंमधले एक गृहस्थ अमेरिकन वकिलातीत जाऊन एक साधा प्रश्न विचारून आले. त्यांचे नाव मोझेस बीच. ‘न्यूयॉर्क सन’ या वृत्तपत्राचे मालक, प्लिमथ चर्चचेच, आणि बरोबर सतरा वर्षांची मुलगी एमेलिन. त्यांनी विचारले, या लोकांना लिव्हरपूलमार्गे मेनमध्ये त्यांच्या घरी पोचवायला किती लागेल? वकील म्हणाले, दीड हजार डॉलर, सोन्याच्या भावाने. (सोन्याच्या भावाने असे मुद्दाम म्हणायचे कारण, युद्धानंतर अमेरिकेतल्या कागदी नोटांची किंमत सोन्याहून कमी झाली होती.) बीचसाहेबांनी धनादेश लिहून दिला. ना सभा, ना हार. स्वतःच्या हाती रोज छापले जाणारे वृत्तपत्र असून त्यांनी आपल्या दानाचा डांगोरा पिटला नाही. हे आपल्याला कळते ते त्या टवाळखोर वार्ताहरामुळे. त्याने आपल्या पुस्तकात खाली टीप देऊन हे मुद्दाम नोंदवले. साऱ्या पुस्तकात धार्मिक माणसांची रेवडी उडवणारा लेखक येथे टोपी काढून उभा राहिलेला दिसतो.

कन्या म्हणाली, “आई, श्रीमंताला दीड हजार काय जड?” जड नसेल. पण बोटीवर श्रीमंत तो एकटाच नव्हता. पासष्ट माणसांनी ते चाळीस लोक पाहिले होते, रोज संध्याकाळी प्रार्थना सर्वांनीच केली होती.

७ ऑक्टोबरला बोटीने अलेक्झांड्रिया सोडले. नंतरचे दिवस कंटाळवाणे गेले. मिसराहून आलेली बोट म्हणून पटकीच्या भीतीने कोणतेही बंदर उतरू देईना. सार्डिनियातले कॅग्लियारी नाही, अल्जियर्स नाही, मालागा नाही. किनाऱ्यावरचे दिवे दिसावेत आणि पाय ठेवता येऊ नये. जिब्राल्टरला कोठे उतरता आले. काही जण स्पेनची धावती सहल करून काडिझला पुन्हा बोटीवर आले. मदेरा बेटाशीही पुन्हा तोच नकार. मग अथांग अटलांटिक समुद्र, सोसाट्याचे वारे, तेच तेच चेहरे. पाच महिन्यांत कोणाचे कोणाशी बिनसले नसेल? बोटीवरचा लांबचा प्रवास माणसाचे असतील नसतील ते दुर्गुण वर काढतो असे ट्वेनने लिहिले आहे. एका चुलीवर चार जावांनी वर्ष काढले म्हणजे हेच कळते, त्याला समुद्र लागत नाही.

या दिवसांत बायका काय करत होत्या? पुस्तकातून वाटते, त्या जणू नव्हत्याच. पण क्लीव्हलंडच्या मेरी फेअरबँक्स बाई बोटीवर होत्या. वय एकोणचाळीस, मुले घरी ठेवून आलेल्या. त्यांचे यजमान तेथल्या ‘हेरल्ड’ पत्राचे चालक, आणि बाई ‘मायरा’ या नावाने त्यात प्रवासाची पत्रे लिहीत. विस्कॉन्सिनमधल्या ज्यूलिया न्यूवेल बाई आपल्या गावच्या पत्रात लिहीत. एमिली सेव्हरन्स बाई घरी लांबलचक रोजनिशीवजा पत्रे धाडत; ती पुढे १९३८ साली छापून निघाली. तिघींनी तेच समुद्र, तीच बंदरे पाहिली आणि लिहिलीही, पण जगाने वाचले ते एकाचेच. ते अधिक चांगले लिहिलेले आहे, हे मान्य. तरी ज्या बाईने बटणे लावून, कॉफी करून देऊन त्या लेखकाला सांभाळले, ती काय लिहीत होती हे पाहायला नको का?

सांभाळले म्हणते ते उगीच नव्हे. ट्वेन फेअरबँक्स बाईंना आई म्हणे. बाई त्याच्याहून सात वर्षांनी मोठ्या, पण आई! लिहिलेले तो त्यांना वाचून दाखवी, आणि बाई स्पष्ट सांगत, हे ग्राम्य आहे, हे छापू नकोस. असे सांगतात की एकदा तो कठड्याशी उभा राहून लिहिलेली पाने फाडून समुद्रात टाकत होता. कोणी कारण विचारले तेव्हा म्हणाला, फेअरबँक्स बाईंना हे पसंत नाही. या मैत्रीने त्याला पुढे बरेच वळण लागले. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. देवाधर्माची थट्टा करणाऱ्या या मुलाने यरुशलेमात लाकडी वेष्टणाचे एक बायबल घेतले आणि त्यावर आपल्या आईचे नाव कोरवून घेतले. बाहेर कितीही फटकळ असला तरी आईला काय आवडेल हे लेकराला ठाऊक असतेच.

११ नोव्हेंबरला बोट बर्म्युडा बेटाला लागली. तेथे चार दिवस विसावा मिळाला. इंग्रजी बोलणारी माणसे भेटली तेव्हा साऱ्यांना घरी आल्यासारखे वाटले. पुढे शेवटचे चार दिवस सामान बांधण्यात गेले. जकातीसाठी घेतलेल्या वस्तूंच्या याद्या करायच्या, पेट्या शिवायच्या, भांडलेल्यांनी जमल्यास बोलून घ्यायचे. १९ नोव्हेंबर १८६७ रोजी ‘क्वेकर सिटी’ न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागली.

त्याच रात्री ट्वेनने एका वृत्तपत्राच्या कचेरीत बसून लेख लिहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यात्रेकरूंनी घरी चहा घेता घेता आपली टर उडवलेली वाचली. म्हातारी, निरस, प्रार्थना आणि डॉमिनो यांपलीकडे काही न करणारी माणसे, असा त्याचा सूर. लोक संतापले, आणि मला त्यांचा संताप रास्त वाटतो. पाच महिने एका पंक्तीला जेवून दारात पाऊल ठेवायच्या आत असे लिहू नये. एक वर्षाने पुस्तक पुरे करताना त्याचा सूर निवळला होता. कटू गोष्टी विसरल्या, चांगल्या तेवढ्या आठवतात, आणि पुन्हा याच माणसांबरोबर जायला आवडेल, असे तेथे त्याने कबूल केले. त्याच यात्रेतला एक सहप्रवासी, चार्ल्स लँग्डन, याच्या बहिणीशी, ऑलिव्हियाशी, १८७० साली त्याचे लग्न झाले. तिचे चित्र त्याने बोटीवरच पाहिले होते म्हणतात.

मोझेस बीच यांनीही यात्रेहून एक वस्तू आणली होती: जैतुनाच्या डोंगरावरचे लाकूड. त्यातून १८६८ साली प्लिमथ चर्चमध्ये बीचरसाहेबांसाठी व्यासपीठ करण्यात आले. ते लाकूड कोणी आणले हे चर्चच्या इतिहासात आवर्जून सांगतात.

याफ्यातली ती वसाहत १८६९ साली जर्मनीहून आलेल्या टेम्प्लर पंथाच्या लोकांनी विकत घेतली, मेनमधून आणलेल्या फळ्यांच्या घरांसकट. त्यांतली काही घरे आज तेल अवीव-याफा शहरात दुरुस्त करून जपून ठेवली आहेत. मेनमधली थोडी माणसे परतली नाहीत. त्यांतल्या रोला फ्लॉइड यांनी शेतीचा नाद सोडून घोडे आणि तंबू जमवले, तेथली भाषा आत्मसात केली आणि परदेशातून येणाऱ्या यात्रेकरूंचे वाटाडे झाले. टॉमस कुक कंपनीच्या प्रवाशांना याफ्याच्या बंदरावरून यरुशलेमला नेणारे म्हणून पुढे त्यांचे नाव झाले. बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येक नव्या टोळीला ते घेऊन जात, तेव्हा वाटेच्या आरंभी, बंदराबाहेरच, ज्या वाळूवर त्यांच्या गावच्या लोकांनी पहिले तंबू ठोकले होते ती वाळू लागत असे.